मूर्तिजापूर स्टेशनचा इतिहास लिहायचाय ना, मग आधी मालधक्क्यावर जाऊन या

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तालुक्याच्या वाचनालयाच्या स्मरणिकेसाठी मूर्तिजापूर रेल्वे स्टेशनचा "इतिहास आणि सुविधा" असा लेख तुमच्याकडे आलाय, नेटवर पाहिलं तर जिथंतिथं तेच, शकुंतला, म्हणजे आपली छोट्या लाइनची गाडी, इंग्रजांच्या मालकीची, इंग्रज अजून पैसे घेते, आणि स्टेशन नेमकं कोणत्या साली बांधलं हे काही सापडून नाही राहिलं, तर सुरुवात कुठून करू असं तुम्ही विचारलं. मी भुसावळ डिव्हिजनला ३१ वर्षं स्टेशनांवर काढली, आधी असिस्टंट मग मास्तर, मेन लाइनवर पण आणि काही वर्षं छोट्या लाइनवर पण. रिटायर झाल्यापासून आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या स्टेशनांच्या नोंदी करून ठेवतो, शाळेतली पोरं घेऊन जातो, म्हणून जरा लांबणच लावतो, वेळ काढून वाचा.

तुम्ही साल शोधून राहिल्या, पण मला वाटते अडचण सालाची नाहीच. तुम्ही इतिहास एका कप्प्यात टाकला आणि सुविधा दुसऱ्या, म्हणून दोन्ही कोरडे वाटून राहिले. स्टेशनवर जी काही चीज बांधलेली असते, शेड, टाकी, खोली, ओटा, ती कोणाच्या तरी सोयीसाठी बांधलेली असते, आणि कोणाच्या सोयीसाठी हे समजलं की त्या जागेचा इतिहास आपोआप समजते. मूर्तिजापूरचं उत्तर माणसाच्या सोयीत नाही, कापसाच्या सोयीत आहे. म्हणून म्हणतो सुरुवात तिकीट खिडकीपासून करू नका, मालधक्क्यापासून करा.

किती खोलात जायचं ते तुमच्याकडे दिवस किती आहेत आणि स्मरणिकेत पानं किती आहेत त्यावर आहे. दोन पानं असतील तर एकच बाजू घ्या, म्हणजे एकतर मेन लाइनचं मूर्तिजापूर नाहीतर छोट्या लाइनचं, कारण ही एकाच नावाखाली दोन स्टेशनं आहेत, दोघांचा मालक वेगळा, काळ वेगळा, रूळ सुद्धा वेगळा. ही गल्लत बहुतेक लेखांत झालेली दिसते. १८६० च्या दशकातल्या गोष्टी शकुंतलेला चिकटवतात आणि शकुंतलेच्या गोष्टी मेन लाइनला.

आधी मेन लाइन. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली गेलं, आणि त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. दोन्ही गोष्टी एका वर्षातल्या आहेत एवढ्यावर फार मोठा निष्कर्ष काढू नका, पण पुढे दहा वर्षांत दोन्ही एकत्र आल्या हे मात्र खरं आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्या ओस पडल्या आणि सगळ्यांची नजर आपल्या काळ्या मातीवर आली. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जायचा, महिने लागायचे, पावसात भिजायचा, धुळीनं काळा व्हायचा. जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेनं भुसावळवरून जो फाटा काढला तो मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत १८६७ साली नागपूरला पोचला. नकाशा उघडून पाहा, ही लाइन पूर्णेच्या खोऱ्यातून, कापसाच्या पट्ट्याच्या पोटातून गेलेली आहे. अमरावती एवढी मोठी पेठ पण मेन लाइन तिला बाजूला ठेवून बडनेऱ्यावरून गेली, खामगावही बाजूला राहिलं. मग त्या बाजारांसाठी जलंब ते खामगाव आणि बडनेरा ते अमरावती असे छोटे छोटे फाटे सरकारनं १८७० च्या सुमारास टाकून दिले. बारा-तेरा किलोमीटरच्या आतले फाटे, पण कशासाठी? तर सरकी काढलेली रुई दाबून त्याच्या गाठी करायच्या आणि डायरेक्ट मुंबईला. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला "ऊमरा" म्हणायचे, ते अमरावतीच्या नावावरून पडलेलं. तुमच्या लेखात एवढं जरी आलं ना, तरी वाचणाऱ्याला समजते की आपल्या गावावरून रेल्वे कायले गेली.

आता छोटी लाइन. मूर्तिजापूरपासून एक बाजू कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर, आणि दुसरी बाजू लाखपुरी, बनोसा म्हणजे आपलं दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला, ७६ किलोमीटर. अडीच फुटी गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, ७६२ मिलिमीटर, मेन लाइनचं १६७६. मालकी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनीची आणि कारभार पाहायची मुंबईची किलिक निक्सन कंपनी. नावात "सेंट्रल प्रोव्हिन्सेस" कुठून आलं विचाराल तर १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं, तिथून "मध्य प्रांत आणि वऱ्हाड" सुरू झालं.

सालाचं म्हणाल तर इथे जरा थांबा. नेटवर एकाच परिच्छेदात असं लिहिलेलं सापडते की लाइन १९०३ ची, कंपनी १९१० ची आणि काम पूर्ण १९१६ ला. आता तुम्हीच सांगा, कंपनीच १९१० ची असेल तर १९०३ मध्ये तिची गाडी कशी धावेल? माझी पद्धत अशी आहे की एक साल लिहायचंच नाही, तीन सालं वेगळी लिहायची. मंजुरी किंवा कंपनी कधीची, पहिली गाडी कधी, आणि आज उभी आहे ती इमारत कधीची. ही तिन्ही एका वर्षात बसलेलं स्टेशन मी नोकरीत एकही पाहिलं नाही. पहिली गाडी येते तेव्हा स्टेशन म्हणजे बऱ्याचदा टिनाची खोली असते, दगडाची इमारत पाच-दहा वर्षांनी उठते, आणि त्यातली अर्धी पुढे पाडून नव्यानं बांधतात. तुम्हाला इमारतीवर एखादं साल कोरलेलं दिसलं तर लेखात "इमारतीवर हे साल कोरलेलं आहे" एवढंच लिहा, "स्टेशनची स्थापना" लिहू नका.

इंग्रज अजून पैसे घेते याबद्दल पण सांगून टाकतो, कारण स्मरणिका छापून आली की ती पोरांच्या हाती जाईल. कंपनी मूळची इंग्रजांची हे खरं. लाइन कंपनीची आणि चालवायचं काम करारानं आधी जीआयपीचं, नंतर ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली तिचं, हेही खरं. सरकारीकरणात ही लाइन खाजगी मालकीतच राहून गेली, म्हणून ती देशभर गाजली. पण किलिक निक्सन स्वातंत्र्यानंतर भारतीयांच्याच हातात गेली, त्यामुळे लंडनमधला कोणी गोरा दर महिन्याला मूर्तिजापूरचं भाडं मोजून राहिला असं चित्र काढू नका.

मालधक्क्यावर जा असं का म्हणतो ते आता सांगतो. यवतमाळकडून, दारव्ह्याकडून, अंजनगावकडून ज्या गाठी यायच्या त्या छोट्या लाइनच्या वॅगनमधून मूर्तिजापूरला उतरायच्या आणि मोठ्या लाइनच्या वॅगनमध्ये चढायच्या. गेज वेगळा म्हणजे वॅगन पुढे जाऊच शकत नाही, एक एक गाठ माणसानं इकडून तिकडे न्यायची. आजची गाठ १७० किलोची असते, तेव्हाचीही काही हलकी नव्हती. दसरा-दिवाळी झाली की हंगाम सुरू व्हायचा तो होळीपर्यंत. या एका कामावर गावातली कित्येक घरं जगली, आणि मूर्तिजापूरला "जंक्शन" म्हणतात त्या शब्दाचं खरं वजन हमालाच्या पाठीवर होतं असं मला मनापासून वाटते. मी छोट्या लाइनवर असताना एक म्हातारे हमाल रोज संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायचे, काम सुटून बरीच वर्षं झाली होती तरी. त्यांनी एकदा मला मालधक्क्याची कड दाखवली. काळा दगड, पण एका ठिकाणी चार-पाच फूट लांबीत कड अशी गोल झाली होती की हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, आणि तिच्या बाजूला दगडात बारीक बारीक चरे. म्हणे, "मास्तर, ह्या आमच्या आकड्याच्या खुना हायेत. गाठीले आकडा लावाचा आन् कडीवर टेकवून घसटाची, तवाच ते पाठीवर ये." आणि मग म्हणे, "गाडी काय मानसासाठी आनली होती काय, कापसासाठी आनली, मानसं मंग बसले." ताई, मी तीस वर्षं नियमांची पुस्तकं वाचली पण स्टेशन म्हणजे काय हे मला त्या वाक्यानं समजलं.

आता हेच तुम्ही मोजून कसं पाहाल. सोबत मोजपट्टी घ्या. पॅसेंजरचा उंच प्लॅटफॉर्म रुळाच्या माथ्यापासून ७६० ते ८४० मिलिमीटर असते, बुटका ४५५ च्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि मालाचा प्लॅटफॉर्म १०६५ मिलिमीटर, कारण वॅगनच्या फरशीला तो जवळपास लागून पाहिजे, नाहीतर गाठ उचलून चढवावी लागते. म्हणजे एखादा पडका ओटा दिसला, वर छप्पर नाही, गवत वाढलेलं, कोणाला माहीत नाही हा कशाचा, तर उंची मोजली की तो स्वतःच सांगते. छोट्या लाइनवर ही मापं अर्थातच खाली येतात, त्यामुळे दोन्ही बाजूचे आकडे वेगळे लिहून ठेवा. फक्त एक हात जोडून सांगणं आहे, मोजायला रुळात उतरू नका. रेल्वे ॲक्ट १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहेच, पण त्याहीपेक्षा मेन लाइनवर गाडी कोणत्या बाजूनं येऊन राहिली हे नवख्या माणसाला समजत नाही. स्टेशन मास्तरला भेटा, काम सांगा, ते गँगमधला माणूस सोबत देतील, तो मोजून देईल. फोटोचं पण आधी विचारून घ्या, बहुतेक जण आनंदानं हो म्हणतात.

दुसरी चीज म्हणजे रूळ. चालू लाइनचे नाही, जुने. आपल्याकडे जुने रूळ वाया जात नाहीत, त्यांचे कुंपणाचे खांब होतात, शेडचे खांब होतात, दिव्याचे खांब होतात. त्या खांबाच्या पोटाला, म्हणजे मधली जी बारीक बाजू असते तिला, रंगाच्या थराखाली उठावदार अक्षरं असतात, कारखान्याचं नाव, साल, आणि वजन. ओल्या फडक्यानं पुसा, वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, अक्षर उमटून येते. शाळेतल्या पोरांना हे काम द्या, एवढी खूश होतात की विचारू नका. वजन पाउंडात असेल तर जुना रूळ, आज मेन लाइनवर मीटरला ५२ आणि ६० किलोचे रूळ असतात, छोट्या लाइनचा रूळ त्याच्यापुढे पोरगा दिसते. पण इथेही सांभाळून. रुळावरचं साल म्हणजे तो रूळ कारखान्यात बनला ते साल, तो आधी दुसरीकडे कुठे वीस वर्षं वापरून मग तुमच्याकडे खांब म्हणून आला असेल. त्यावरून एवढंच म्हणता येते की हा खांब या सालाच्या आधीचा नाही. तेवढं सुद्धा खूप आहे, कारण तेवढं पक्कं आहे.

सुविधांचं तुम्ही विचारलं. जुन्या सुविधा लिहाल तर प्रत्येकीसमोर ती कोणासाठी होती हे लिहा, आपोआप इतिहास लिहून होते. वेटिंग रूम वरच्या क्लाससाठी, आणि थर्ड क्लासच्या माणसासाठी मुसाफिरखाना, म्हणजे छप्पर आणि ओटा. थर्ड क्लास १९७४ मध्ये बंद झाला, पण जुन्या इमारतीत दारं, खिडक्या, फरशी पाहिली की कोणती खोली कोणाची हे अजून दिसते. मोठ्या स्टेशनांवर हिंदू पाणी, मुसलमान पाणी असे वेगळे माठ असायचे, ते ओटे काही ठिकाणी आजही उभे आहेत. इंजिनाच्या पाण्याची टाकी आणि विहीर, कारण वाफेचं इंजिन म्हणजे तहानलेलं जनावर, थोड्या थोड्या अंतरावर त्याला पाणी पाहिजे, आणि कोणत्या स्टेशनवर गाडी जास्त वेळ थांबायची हे बऱ्याचदा पाण्यावर ठरायचं. दिवाबत्तीची खोली, जिथं लॅम्पमन सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरायचा, वाती कापायचा, आणि संध्याकाळ झाली की खांद्यावर दिवे घेऊन सिग्नलवर चढायचा. अशा खोलीच्या भिंतींना आजही वास येते. आता तिथं झाडू आणि बादल्या ठेवलेल्या असतात पण आत जाऊन श्वास घेतला की समजते. वजनकाटा, पार्सल ऑफिस, घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा, आगीच्या लाल बादल्या, हे सगळं मोजायचं. मूर्तिजापूरला छोट्या इंजिनांचा शेड होता, तो विसरू नका, कारण त्या शेडमुळे फिटर, खलाशी, ड्रायव्हर लोकांची अख्खी वस्ती गावात आली.

त्या इंजिनाची एक गोष्ट मात्र नक्की टाका. शकुंतला ओढणारं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला बनलं, १९२३ ला इथं कामाला लागलं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याला सुट्टी देऊन डिझेल लावलं. सत्तर वर्षं एकाच रुळावर. कापूस गेला तिकडच्या गिरण्यांच्या बाजूला आणि त्याच बाजूनं इंजिन आलं, हे मी पोरांना नकाशावर बोट ठेवून दाखवतो.

छोट्या लाइनवर सुविधा म्हणजे माणूसच होता हेही लिहा. मेन लाइनला केबिन, सिग्नल, ब्लॉकची यंत्रं, सगळा डामडौल. इकडे एका वेळी एकच गाडी, त्यामुळे समोरून दुसरी येण्याचा प्रश्नच नाही. गाडीसोबतचीच मोजकी माणसं सगळं करायची. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की परत उघडून धावत येऊन बसायचा. बाजूच्या स्टेशनवर बाबू नसला तर गार्डच तिकिटं फाडायचा. पुठ्ठ्याचं छोटंसं तिकीट, सव्वादोन इंच लांब, तारखेच्या मशीनमध्ये घातलं की खटॅक करून तारीख उमटायची. यवतमाळ ते अचलपूर एकेकाळी वीसेक तास लागायचे, मधात मूर्तिजापूरला मुक्काम केल्यासारखंच होतं. पण बाजाराला जाणारी बाई कोंबड्या, भाजीचं टोपलं घेऊन कमी पैशात जायची, कारंज्याला नृसिंह सरस्वतींच्या दर्शनाला जाणारे भाविक याच गाडीनं जायचे, आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यात बैलगाडी रुतली की हीच एक वाट उघडी असायची. म्हणून बंद झाली तेव्हा लोक रडले. गेल्या दशकात दोन्ही बाजूची गाडी थांबली, ब्रॉडगेज करा म्हणून लोकांनी किती निवेदनं दिली, किती मोर्चे काढले. तुम्ही मूर्तिजापूरच्याच आहात, घरातल्या मोठ्यांना विचारा, प्रत्येकाजवळ एक तरी प्रवास आहे.

माणसांचं काम सगळ्यात आधी करा, कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. रिटायर पॉइंट्समन, गँगमन, हमाल, जिनिंगमधले मुनीम, स्टेशनबाहेरचा जुना चहावाला, टांगेवाल्याचा मुलगा. "इतिहास सांगा" म्हटलं की ते घाबरतात आणि टीव्हीवर ऐकलेलं सांगतात. त्याऐवजी "तुम्ही सकाळी ड्युटीवर आले की पहिलं काम काय करायचे" असं विचारा, मग पाहा कसे खुलतात. त्यांनी सांगितलेलं साल मात्र तसंच उचलू नका, साल माणूस चुकते, काम नाही चुकत. शकुंतला हे नाव कसं पडलं याच्या पाच-सहा कथा ऐकू येतील. त्या "लोक असं सांगतात" म्हणून द्या, त्यांचं मोल त्यातच आहे.

कागदांबद्दल मनात एक सल आहे तो सांगतो. नोकरीच्या सुरुवातीला मी एका छोट्या स्टेशनवर रुजू झालो, नाव नाही घेत. तिथं मागच्या खोलीत मालाच्या जुन्या रजिस्टरांची चळत होती, चामडी पाठ, शाईनं लिहिलेलं, गाठी किती, कोणत्या जिनची, कुठं रवाना. मी दोन-तीन चाळली आणि ठेवून दिली, म्हटलं निवांत पाहू. पंधरा दिवस सुट्टीवर गेलो, परत आलो तर खोली रिकामी, साफसफाईत सगळी रद्दीत गेली. त्यात काय काय होतं हे आठवलं की अजून झोप उडते. म्हणून जे दिसेल त्याचा त्याच दिवशी मोबाइलमध्ये फोटो काढा, परवानगीनं, पण त्याच दिवशी.

बाकी कागद कुठं मिळतील, तर जुनी जिल्हा गॅझेटियर्स राज्य सरकारनं नेटवर टाकलेली आहेत, अकोला जिल्ह्याचं १९१० चं आहे, आणि त्याच्या आधीचं वऱ्हाडचं १८७० चं. शोधताना जुनी स्पेलिंगं टाका, नाहीतर काहीच मिळणार नाही. अचलपूर म्हणजे एलिचपूर, यवतमाळ म्हणजे येओतमाल, अमरावती म्हणजे उमरावती. अचलपूर स्टेशनचा कोड आजही ईएलपी आहे, गावाचं नाव बदललं तरी एलिचपूर त्या तीन अक्षरांत बसून आहे. वाचताना फक्त काय आहे ते नाही, काय नाही तेही पाहा. यवतमाळचं जवळचं स्टेशन म्हणून एखाद्या जुन्या पुस्तकात धामणगाव लिहिलेलं असेल तर समजायचं की ते लिहिलं तेव्हा छोटी लाइन यवतमाळला पोचली नव्हती. जुनं ब्रॅडशॉ टाइमटेबल हाती लागलं तर सोनंच, गाडी कोणत्या वर्षी छापील वेळापत्रकात आली हे त्यावरून पकडता येते. भुसावळच्या डिव्हिजन ऑफिसला माहिती अधिकाराचा अर्जही टाकता येते, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. पण "स्टेशनचा इतिहास द्यावा" असं लिहाल तर "माहिती उपलब्ध नाही" असं एका ओळीचं उत्तर येईल. "स्टेशन इमारतीच्या बांधकामाच्या नकाशाची प्रत", "मालधक्क्याचा नकाशा", असं नेमकं मागा.

फोटोंच्या बाबतीत एक धोका आहे. नेटवर "मोतीबाग" टाकलं की नागपूरचं मोतीबाग येते, तिथं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते बंगाल नागपूर रेल्वेच्या छोट्या लाइनचं घर, आपल्या लाइनचा त्याच्याशी संबंध नाही. आपल्याकडचं मोतीबाग म्हणजे दारव्हा मोतीबाग. त्या लाइनच्या सातपुड्यातल्या गाडीचे फोटो शकुंतला म्हणून छापलेले मी स्वतः पाहिले आहेत. तसंच यवतमाळचं. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही नवी ब्रॉडगेज लाइन वेगळी आहे, तिच्यातला वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. तिचा आणि शकुंतलेच्या जुन्या यवतमाळ स्टेशनचा घोळ घालू नका.

आजच्या सुविधा लिहायला सोप्या आहेत आणि तिथंच लेख लवकर शिळा होते. अमृत भारत योजनेत मूर्तिजापूरचं काम झालं आणि २२ मे २०२५ ला देशातल्या १०३ स्टेशनांसोबत त्याचं उद्घाटन झालं. त्यात काय काय आलं हे बातमीतून उचलू नका, स्वतः जाऊन पाहा. व्हीलचेअर घेऊन बाहेरच्या रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत जाता येते का, रात्री अकराला बाईमाणसाला बसायला उजेडाची जागा आहे का, पाणी उन्हाळ्यात येते का, संडास उघडा असते का कुलूप लावून. यादीखाली महिना आणि वर्ष टाका, "अमुक महिन्यात पाहिल्याप्रमाणे". पन्नास वर्षांनी तुमचीच यादी कोणीतरी इतिहास म्हणून वाचेल, तेव्हा त्याला ती तारीख लागेल.

थोडक्यात, पंधराच दिवस असतील तर पहिला आठवडा म्हाताऱ्या माणसांना द्या, मग दोन दिवस मास्तरांना भेटून मालधक्का, शेड, खांब, टाकी, मुसाफिरखाना हे पाहून मोजून घ्या, मग गॅझेटियर, आणि आजच्या सुविधा सगळ्यात शेवटी. माहिती अधिकाराचा अर्ज मात्र पहिल्याच दिवशी टाकून ठेवा, त्याचं उत्तर या अंकात नाही तर पुढच्या अंकात कामी येईल.

आणि त्या हमालांनी दाखवलेली कड मी पाहिली त्याला आता बरीच वर्षं झाली. नव्या कामात ती राहिली की नाही ते जाऊन पाहाच. मालधक्क्याच्या काठानं सकाळच्या तिरप्या उन्हात चालत जा, चरे तेव्हाच दिसतात, दुपारी दिसत नाहीत. दगड सापडला तर फोटो इथंच टाका, आणि रुळाच्या खांबावरची अक्षरं उमटवलेला कागद पण टाका, मी वाचून सांगतो.